टप उतरवणारे तुळशीरामदादा

तुळशीराम वाठोरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते साखळी ओढत होते, त्यांच्या डोक्याच्या वर एक अख्खं पत्र्याचं घर लोंबत होतं, आणि ते त्या घराकडे बघायचं सोडून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. मी नुकतीच वारंगा फाट्याजवळच्या शाळेत बदलून आले होते. खोली बघायला म्हणून रस्ता ओलांडला आणि हा देखावा दिसला. कुठल्याही शहाण्या माणसाने वर बघितलं असतं. हा माणूस वर बघेना.

"चल," बाई म्हणायच्या, की साखळी कटकट करत खाली यायची आणि ते पत्र्याचं घर बोटभर वर जायचं. "बास," म्हणायच्या, की ते थांबायचे. मध्ये एक ट्रक भोंगा वाजवत गेला, कुत्री भुंकली, तरी त्यांची नजर हलली नाही. मला वाटलं, माणूस एक तर फार प्रेमात आहे किंवा फार धाकात. पुढे त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली आणि बरीच वर्षं राहिले. तरी या दोहोंपैकी नेमकं कोणतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

ते पत्र्याचं घर म्हणजे टप. पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवायचं लोखंडी झाकण. तुळशीरामदादांनी फाट्यावरच्याच वेल्डिंगवाल्याकडून ते बनवून घेतलं होतं. दोन्ही बाजूंचे पत्रे वर उचलून दांड्या लावल्या की गाडीचं दुकान व्हायचं. आत फळ्या, फळ्यांवर बांगड्या, टिकल्या, रिबिनी, कंगवे, आरसे, लहान लेकरांची पावडर. कटलरीचं दुकान म्हणतात तेच, फक्त चाकांवर. अनुसयावहिनी ते चालवायच्या आणि दादा गाडी चालवायचे. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. जवळा बाजार या गावच्या बाजारातली जागा तर त्यांची ठरलेलीच होती, आणि औंढ्याला नागनाथाच्या यात्रेत वहिनींपुढे बायकांची अशी झुंबड उडायची की दादा गाडीच्या चाकाजवळ बसून नुसते तंबाखू मळायचे.

पण सोयाबीन निघालं, पुढे हळद निघाली, की गाडीला माल वाहण्याचं भाडं मिळायचं. पोती भरायची तर टप आड येतो. मग टप उतरवायचा, सुगी संपली की पुन्हा चढवायचा. पूर्वी त्यासाठी चार गडी बोलवायचे. वहिनी सांगायच्या, "चार मानसं म्हंजी चार कप च्या आन् चाळीस अकला. एक म्हनते उजवीकून धरा, एक म्हनते डावीकून." एकदा एका गड्याचा हात सुटला, एक कोपरा खाली आदळला आणि आत राहिलेला हिरव्या बांगड्यांचा अख्खा डबा फुटला. वहिनी त्या काचा गोळा करत बसल्या आणि दादांना म्हणाल्या, "हे असं पुन्यांदा नगं." तेवढंच. दादांनी पुढच्या सुगीच्या आत शेडमध्ये दोन खांबांवर लोखंडी गर्डर टाकला आणि नांदेडहून चेन कुप्पी आणली. कुप्पी म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी. एकटा माणूस हळूहळू साखळी ओढतो आणि बैलाएवढं वजन मुकाट्याने वर जातं.

टप उतरवण्याची दादांची रीत पाहण्यासारखी होती आणि मी ती दर वेळी सवड काढून पाहिली. गाडी उलटी शेडमध्ये घ्यायची. नटबोल्ट खोलून एका ताटलीत ठेवायचे, ताटली वहिनींच्या हातात. चार कोपऱ्यांच्या कड्यांत चार पट्टे अडकवायचे, पट्टे वर एकत्र करून कुप्पीच्या आकड्यात. मग साखळी. टप चारी बाजूंनी सारखा उचलला पाहिजे, एक कोपरा अडकला तर सगळा तिरपा होऊन हौद्यावर घासतो. साखळी ओढणारा ज्या बाजूला उभा राहतो तिथून पलीकडचा कोपरा दिसत नाही. म्हणून तिकडे वहिनी उभ्या. टप पुरेसा वर गेला की गाडी खालून बाहेर काढायची. आणि त्यानंतर टप साखळीवर लोंबता ठेवायचा नाही. दादा खांबांच्या खाचांत दोन जाड पाइप आडवे सारायचे आणि टप त्यावर टेकवायचे. सगळं वजन पाइपवर आलं, साखळी सैल झाली, की मग घाम पुसायचे.

"साखळी चांगली हाय की," मी एकदा म्हटलं. "मग पाइप कशाला?"

"चांगली हाय म्हनून तर," दादा म्हणाले. "चांगल्यावर लई भार टाकू नये."

असं काहीतरी ते वर्षातून एखाददा बोलायचे. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे आटलेल्या विहिरीत पोहरा सोडणं. माझा स्वभाव तोंडाळ. मला उत्तर न देणारी माणसं सहन होत नाहीत, वर्गातही आणि वर्गाबाहेरही. पण दादांवर राग धरता येत नसे, कारण ते ऐकून घ्यायचे. अगदी पूर्ण. आपलं बोलणं संपलं की क्षणभर थांबायचे, अजून काही उरलंय का म्हणून. मग "बराबर हाय" म्हणायचे आणि स्वतःला करायचं तेच करायचे.

चहाच्या टपरीवरची मंडळी त्यांची यथेच्छ खेचायची. बायकोच्या ताटाखालचं मांजर, हे तर नेहमीचंच. एकाने विचारलं, "तुळशीराम, खोकला आला तर घरी सांगून खोकतो का रे?" दादांनी चहा फुंकला आणि म्हणाले, "व्हय. तिची झोप मोडते." त्यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही आणि त्यामुळे चेष्टेतली मजाच गेली. टपरीवाल्यांनी मग दुसरं गिऱ्हाईक शोधलं.

जयंतीची गंमत मात्र सगळ्या वस्तीच्या लक्षात राहिली. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीला दर वर्षी दादांची पिकअप असायची, टप उतरवलेली, हौद्यात फुलांनी सजवलेली मोठी तसबीर. एका वर्षी मिरवणुकीचा दिवस उजाडला आणि वहिनी आपल्या बहिणीकडे गेलेल्या. बाळंतीण भाची होती, रात्री अडकून पडल्या. इकडे पोरं निळे फेटे बांधून तयार, डीजेवाला तारा जोडून बसलेला, आणि टप अजून गाडीवर. जयंती मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले. चांगले वजनदार गृहस्थ, पंचायत समितीत वावरलेले.

"दादा, टप उतरवा. उशीर होऊन राहिला."

"उतरवतो की. ती येऊ द्या."

"अहो, साखळी ओढायला वहिनी काहून लागतात? ही धा पोरं उभी हायेत."

"कोपरा तिलाच दिसते," दादा म्हणाले आणि रॉकेलच्या जुन्या पिंपावर जाऊन बसले.

अध्यक्ष तापले. पोरांनी आपापसांत ठरवलं की आपणच ओढू, आणि एकाने साखळीला हात घातलाही. दादा उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी त्या पोराकडे नुसतं बघितलं. पोराने हात काढून घेतला आणि फेटा नीट करत बसला. शेवटी अध्यक्षांनी मोटारसायकल पाठवून वहिनींना आणवलं. पांढऱ्या साडीतल्या वहिनी मागच्या सीटवरून उतरल्या, पदर खोचला आणि "काय येडे लोकं हायेत बाई" असं म्हणत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. टप उतरला. मिरवणूक निघाली. मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. मला वाटलं, नवरा हट्टी आहे आणि हट्टाला कोपऱ्याचं निमित्त आहे.

मग पावसाळ्याच्या शेवटाला अनुसयावहिनींना लकवा झाला. सकाळी बांगड्यांचे डबे पुसत होत्या, हातातला डबा पडला आणि मागोमाग त्या पडल्या. नांदेडला नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. घसा आवाज करायचा, शब्द होत नसत.

दादा त्यांना घेऊन परत आले तेव्हा मी दारात उभी होते. मी रडायच्या तयारीनेच उभी होते. पण दादांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी वहिनींना हातांवर उचलून शेडमधल्या खाटेवर ठेवलं, उशी सारखी केली, गाडी धुतली, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. वहिनींचं सगळं ते करायचे, अंग पुसणं, वेणी घालणं, पेज भरवणं. वेणी तर माझ्यापेक्षा सरळ घालायचे. पण त्यांचा चेहरा उतरलेला म्हणावा तर तसा नाही, चिडलेला म्हणावा तर तसाही नाही. नुसता होता. लोक म्हणाले, दगड आहे. मीही मनात म्हटलं. आणि मग त्यांच्याकडे बघून बघून माझंही रडू कुठेतरी आत जिरून गेलं, ते बाहेर आलंच नाही. आमच्या दोन्ही घरांत मिळून कोणीच रडलं नाही.

दादांचे थोरले भाऊ समाचाराला आले. चार गोष्टी बोलले, वहिनींच्या खाटेशेजारी बसूनच बोलले. "आता बाजार कोन करनार? तो टप उगं गाडीवर वागवून काय उपेग? इकून टाक. गाडीला बारमाही भाडं मिळंल." दादांनी वहिनींची चादर सारखी केली. भाऊ म्हणाले, "तिला काय समजून राहिलंय का आता?" वहिनी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. मी चहा घेऊन आत गेले होते, मी ते डोळे पाहिले. त्यांना सगळं समजत होतं. पण भाऊ, डॉक्टर, येणारेजाणारे, सगळे त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. त्या आठवड्यांत त्या बाईला माणसांतून वगळायचं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यात वाईट कोणीच नव्हतं. तिचं मत आता धरायचं नाही, एवढंच. दादा उठले आणि भावासाठी पान आणायला गेले.

सोयाबीन निघालं. भाडं सोडून चालणार नव्हतं, औषधं होती. एका दुपारी शाळेतून आले तर दादा खाट ओढत होते. वहिनींसकट खाट त्यांनी शेडच्या पलीकडच्या बाजूला, वहिनी उभ्या राहायच्या तिथे नेली. उशांवर उशा देऊन त्यांना टेकवून बसवलं. डाव्या हातात स्टीलचा पेला दिला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर एकदा वाजवून दाखवला.

"एक डाव वाजवलं की बास," ते म्हणाले. "बघ गं."

आणि इकडे येऊन साखळी धरली.

मी आयुष्यात कोणाला बोलले नसेन एवढं त्यांना बोलले. आजारी बाईला कामाला लावता, म्हटलं, लाज कशी वाटत नाही, तिला मान धरवत नाही नीट. शेजारपाजारचे जमले. दादांनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "मंग कोन बघंल, बाई?"

"मी बघते ना!"

"तुमची शाळा असते."

आणि ते साखळी ओढू लागले. कटकटकट. टप उचलला गेला. वहिनींची मान जरा कलली होती, पण नजर वर होती. पेला खाटेच्या कडेजवळ धरलेला होता. टप वर, आणखी वर. टण्. दादा थांबले. गाडी बाहेर काढून पाइप सारले, टप टेकवला. "झालं," ते वहिनींना म्हणाले. वहिनींच्या घशातून एक आवाज आला. त्या दिवसापर्यंत त्या आवाजात मला नुसती तकलीफ ऐकू यायची. त्या दिवशी त्यात जरा रुबाब होता, हे मला कबूल करावं लागलं.

तरी मी तोंडाळ ती तोंडाळच. ते गाडी घेऊन गेल्यावर मी वहिनींजवळ बसले. पाणी पाजलं, आणि त्यांच्या उशीजवळ डोकं नेऊन वर बघितलं. पलीकडचा कोपरा दिसतच नव्हता. मध्ये खांब येत होता. उभं राहिलं तर दिसत असेल, बसून नाही. संध्याकाळी दादांना सांगितलं.

"तिला दिसते," दादा म्हणाले.

मी माझ्या खोलीत गेले आणि पेपर तपासायला बसले.

सोयाबीन संपलं, टप पुन्हा चढवला, पेला पुन्हा वाजला. बाजार बंदच होते, टप चढवून उपयोग काही नव्हता, पण रीत म्हणून चढवला. मग हळद निघाली. आमच्याकडे हळदीची सुगी मोठी. शेतमालाच्या मोंढ्यात वाहनांच्या रांगा लागतात, आणि त्या दिवसांत ज्याच्याकडे पिकअप आहे त्याला जेवायला उसंत नसते. एका शेतकऱ्याशी दादांचं ठरलं होतं. तो माणूस टप उतरायची वाट बघत शेडमध्येच उभा होता. मी सुट्टीमुळे घरी होते. खाट जागेवर, पेला हातात. दादांनी साखळी धरली.

टप जेमतेम वीतभर उचलला आणि पेला वाजला.

दादा थांबले. "अडकला का?"

पेला पुन्हा वाजला. पुन्हा. वहिनी थांबेचनात. डाव्या हाताने त्या खाटेच्या कडेवर पेला आपटत होत्या, सारख्या, जोरात, तोंडातून लाळ गळत होती तरी आपटत होत्या. शेतकऱ्याने वाकून बघितलं. "कुठं अडकला? समदं बराबर तर हाय. ओढा, दादा."

दादांनी साखळी ओढली नाही आणि टप खालीही घेतला नाही. ते गाडीला वळसा घालून वहिनींच्या समोर जाऊन बसले, उकिडवे.

"उतरवायचा न्हाई?"

पेला थांबला.

"बाजार करायचा?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मान हलवता येत नव्हती, त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस समजूत काढेल. अगं, भाडं ठरलंय. अगं, तुला बसवत नाही. आम्ही सगळे तेच म्हणालो असतो, प्रेमाने म्हणालो असतो.

"बरं," दादा म्हणाले. उठले, साखळीची दुसरी बाजू धरली आणि टप खाली घेऊ लागले.

शेतकरी भडकला. त्याचंही खरं होतं, त्याची हळद वाळून पोत्यांत भरलेली होती. "अहो, आजारी मानूस हाय ते! त्याईच्या म्हनन्यावर कुठं..."

"दुसरी गाडी बघा," दादा म्हणाले. "ही न्हाई जमायची." आणि ताटलीतले नटबोल्ट उचलून टप कसायला लागले. त्या सुगीत त्यांनी हळदीचं एक पोतं वाहिलं नाही. औषधं कशी आणली, मी विचारलं नाही. वस्तीत दोन-तीन महिने दुसरा विषय नव्हता. बायको लुळी झाली आणि नवरा खुळा झाला, असं म्हणायचे.

जवळा बाजारला मी मुद्दाम गेले. त्यांच्या नेहमीच्या जागी गाडी उभी होती, पत्रे वर उचललेले. गाडीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत वहिनी, पडू नये म्हणून ओढणीने खुर्चीला बांधलेल्या. कपाळावर टिकली, नवीन. दादा फळ्यांसमोर उभे राहून बांगड्या दाखवत होते आणि इतका वाईट विक्रेता मी जन्मात पाहिला नाही. बाईने भाव पाडून मागितला की ते लगेच "घ्या" म्हणायचे. मग खुर्चीतून पेला वाजायचा. टण्. दादा हात मागे घ्यायचे. "न्हाई जमत म्हंते," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. बायका आधी दचकायच्या, मग वहिनींकडे वळायच्या आणि त्यांच्याशीच घासाघीस करायच्या. "असं काय करता मावशी, लेकीचं लगीन हाय." टण्. "बरं बाई, तुमचं तुमचं." बाजारात कोणी त्यांच्या डोक्यावरून बोलत नव्हतं. दादांचा चेहरा तेव्हाही तसाच, नुसता. मी एक डझन बांगड्या घेतल्या. मी बांगड्या घालत नाही.

त्यानंतर माझी सेनगावकडे बदली झाली. निघताना दादांनी माझं सामान गाडीत घालून पोचवलं, बिछाना, पुस्तकं, गॅस, सगळं टपाखाली नीट मावलं. उतरल्यावर म्हणाले, "येत जावा." फोन करायचा म्हणून राहून गेला. आपलं असंच असतं.

यंदा दिवाळीनंतर नांदेडला जाताना बस वारंगा फाट्यावर चहाला थांबली. मी रस्ता ओलांडून गेले. शेड तशीच. गाडी आत उभी, टप गाडीवर, आणि टपावर बोटभर धूळ. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. ते बघितल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी मी विचारलं.

"गेली," दादा म्हणाले. "पोळ्याच्या मागं." त्यांनी पिंप पुसून मला बसायला दिलं. केस पार पांढरे झाले होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, काही वाटलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सोयाबीनचे दिवस आहेत. गाडी उभीच?"

"टप हाय ना वर. पोती बसत न्हाईत."

"उतरवला नाही?"

त्यांनी मान हलवली.

कोपरा बघायला माणूस नाही म्हणून अडलं असेल, असं मला वाटलं. बसला अजून अवकाश होता. मी उठले, वहिनींच्या जागी जाऊन उभी राहिले. "ओढा साखळी. मी बघते. मला सांगता येतं."

दादा पहिल्यांदाच जरासे हसल्यासारखे झाले. "कोपरा मला दिसते, बाई," ते म्हणाले आणि पलीकडच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांबावर ट्रकचा जुना आरसा बसवलेला होता. तो आरसा मी वर्षानुवर्षं पाहिलेला. दादा त्यात बघून भांग पाडतात, अशी माझी समजूत होती. मी जाऊन साखळीशी, त्यांच्या जागी उभी राहिले. आरशात पलीकडचा कोपरा दिसत होता, कडीसकट, स्वच्छ.

"हा कधी बसवला?"

"गर्डर टाकला तवाच."

"म्हणजे पहिल्यापासून?" माझा आवाज चढला. जुनी सवय. "मग वहिनींना इतकी वर्षं काहून उभं करत होता? जयंतीला सगळी मिरवणूक थांबवून धरली तुम्ही!"

दादांनी माझं ऐकून घेतलं. संपलं का, म्हणून थांबले.

"टप तिचा व्हता," ते म्हणाले. "तिला इचारल्याबिगर कसा हालवावा?"

मी परत पिंपावर बसले. रस्त्यावरून पोत्यांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक मोंढ्याकडे चालल्या होत्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "औंढ्याचा एक मानूस येऊन राहिला दोन डाव. खेळन्याचं दुकान टाकायचं म्हंतो. टप मागतो. देऊन टाकावा म्हंतो मी, ऊन खाऊन राहिलाय उगं."

"द्या की मग."

"व्हय," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, अगदी सरळ, त्यांनी विचारलं, "पन इचारू कोनाला, बाई?"

ते बोलण्याच्या ओघात म्हटलेलं नव्हतं. माझ्याकडे शाळेतल्या बाईंकडे बघावं तसं बघत ते उत्तरासाठी थांबले होते. रस्त्यापलीकडे ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी पिशवी उचलली, "येते" म्हटलं आणि धावत जाऊन बस पकडली. खिडकीतून पाहिलं तर दादा शेडच्या तोंडाशी उभे होते आणि बस वळेपर्यंत माझ्याकडेच बघत होते.